बाबांसाठी आई इंग्रजी शिकली

शेवटचे काही महिने माझे बाबा फक्त इंग्रजीत बोलले.
आणि आईला इंग्रजी येत नव्हतं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

बाबा आंजी गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. रिटायर झाल्यावर स्ट्रोक आला. सावंगीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तोंडात मराठीचा एक शब्द नव्हता.
उरली होती ती वर्गातली आज्ञार्थी वाक्यं.
सिट डाउन. कम हिअर. ओपन द विंडो.

स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, "लांब बोललेलं त्यांना कळत नाही. तुम्हीही अशाच छोट्या इंग्रजी वाक्यांत बोला."

मी आईला इम्परेटिव्ह शिकवायला बसले.
"सोपं आहे. सरळ क्रियापदानं सुरुवात करायची. ईट. ड्रिंक. सिट."

"मी त्याईले नुसतं 'सिट' म्हणू? इंग्रजीत 'बसा' नाई काय?"

"नाही गं. लहानमोठे, सगळ्यांना एकच."

"मंग मले नाई जमत. जन्मभर त्याईले अहो म्हणलं."

शेवटी मी म्हटलं, पुढे प्लीज लाव.

मग आईने प्लीज सोडलंच नाही. प्लीज ईट. प्लीज ड्रिंक वॉटर.
बाबा खरंच ऐकायचे. घास घ्यायचे, पाणी प्यायचे.

एकदा औषध देताना ती म्हणाली, "प्लीज ओपन माउथ."

बाबांनी तोंड मिटून घेतलं. कपाळावर आठ्या. बराच वेळ शब्द जुळवत राहिले.
"युअर," ते म्हणाले. "ओपन युअर माउथ."

आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच ते कुणाची तरी चूक सुधारत होते.
आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

त्यानंतर ती रोज चुकायला लागली. प्लीज वॉश हँड. प्लीज टेक टॅबलेट. बाबा अडखळत, चिडत दुरुस्त करायचे.

"आई, हे तर तुला येतं ना आता?"

"येते न. पण मी बरोबर बोलली, तं ते काऊन बोलतील?"

पुढे बाबांचं जेवण तुटलं. आई उशाशी बसून राहायची, तीही जेवेना.
एका दुपारी बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "गो. ईट."

"तुमच्या आधी मी कधी जेवली काय?"

"ईट."

आई ताट तिथेच घेऊन आली. त्यांच्यासमोर बसून जेवली. ताट रिकामं होईपर्यंत बाबा बघत होते.

दुसऱ्या दिवशी ते गेले.

बाबा, आई बरी आहे. वेळेवर जेवते.
आम्हा दोघींचा तुम्हाला नमस्कार.