मुक्ताचं तिसरं वर्ष

दुपारी मुक्ता खिडकीत बसून अभ्यास करत होती. वाऱ्याने पुस्तकाची पानं उलटत होती आणि मुक्ता ती तळव्याने थोपवत होती. मेथी निवडता निवडता मी लेकीकडे बघत राहिले.

वकिलीच्या पहिल्या वर्षी ती करार शिकली, तेव्हा रिक्षात बसलं तरी म्हणायची, "आई, आपला आत्ता करार झाला." दुसऱ्या वर्षी गुन्हे आले आणि ती रोजचा पेपर वेगळ्याच नजरेने वाचू लागली. तोवर कायदा मला दूरच्या एखाद्या गावासारखा वाटायचा. यंदा तिला वारसाहक्क आहे, आणि ते गाव हळूहळू चालत आमच्या दारापर्यंत आलंय असं वाटतं.

"आई," ती मान वर न करता म्हणाली, "आजोबांच्या जमिनीवरचा हक्क तू मामाला सोडून दिलास, तेव्हा कागद वाचला होतास?"

"नाही गं. दादाने बोट ठेवलं तिथे सही केली."

"वाचला असतास तर केली असतीस?"

बाहेर चिंचेच्या पानांतून ऊन झिरपत होतं. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"कदाचित केली असती," मी म्हणाले. "पण वाचून केली असती."

मी उठले, कपाटाच्या तळातून त्या कागदाची प्रत काढली आणि मुक्ताच्या शेजारी बसून पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. मला वाटत होतं, एकच पान असेल. तीन होती.