कानस लागलेलं नाणं

नाणी जमवतो हे मी गावात कुणाला सांगायलाच नको होतं. परतूरला माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, पण मोबाइलवर ते भंगार व्हिडिओ सुरू झाल्यापासून निम्मे लोक मला खिशातलं नाणं दाखवायलाच येतात. टाकसाळीत चुकलेल्या नाण्याला लाखो रुपये मिळतात म्हणे. मग टाकसाळीची चूक घरीच करायची. कुणी दहाच्या नाण्याची मधली चकती तापवून काढतो आणि उलटी बसवतो, कुणी ॲसिडमध्ये बुडवून पातळ करतो. आमच्याकडे तर रेल्वेचे रूळ हाताशीच. गाडीखाली चेपलेलं नाणं पुढं करतात आणि तोंड वर करून सांगतात, असंच छापून आलंय. मला आता शिसारी येते. लबाडीची येतेच, पण त्याहून जास्त त्या लबाडीतल्या आळसाची येते.

गेल्या उन्हाळ्यात घनसावंगीहून चुलतभाऊ आणि वहिनी आले. दादा माझ्याहून मोठा, ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतो. बसायच्या आधीच त्यानं दोन रुपयांचं एक नाणं काउंटरवर टाकलं. एका बाजूनं घास घेतल्यासारखं कापलेलं. नाणं वहिनीचं होतं, एसटीत कंडक्टरनं सुट्ट्यात दिलेलं. कड जराशी कमी दिसली म्हणून तिनं ते कुंकवाच्या करंड्यात वेगळं ठेवलं होतं. त्यावरून घरात सगळ्यांनी तिची टर उडवली, हेही दादानंच हसत हसत सांगितलं. वहिनी हसली नाही.

मी भिंग लावलं. कापलेल्या कडेवर कानशीचे ओरखडे होते, अगदी ताजे, चमकणारे. हे घासलंय, मी म्हटलं. दादानं जराही आढेवेढे घेतले नाहीत.

"आधी नखाएवढंच कमी व्हतं रे. दिसूनच न्हाई राह्यलं. मंग मीच मोठं केलं जरा."

वर शाबासकीची वाट पाहत उभा. मला त्याला दुकानाबाहेर काढावंसं वाटलं. तेवढ्यात वहिनीनं हळूच विचारलं, "भाऊजी, पण आधीचं खरं व्हतं का?"

टाकसाळीत लांब पत्र्यातून नाण्यांच्या चकत्या कापतात. पत्रा नीट पुढं सरकला नाही, तर पुढचा काप आधीच्या भोकावर चढतो आणि चकती तेवढी अपुरी निघते. मग चकती दोन्ही बाजूंनी दाबून तिची कड उंच करताना त्या तुटक्या जागी दाब बसत नाही, म्हणून तिच्या बरोबर समोरची कडही बुजलेली राहते. घरी घासणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. त्यांच्या नाण्याची समोरची कड ठणठणीत असते.

मी नाणं फिरवलं. समोरची कड बुजलेली होती.

इतक्या वर्षांत माझ्या दुकानात आलेलं पहिलं खरं नाणं, आणि तेही कानस खाऊन आलेलं. वहिनीला मी म्हटलं, तुमचं बरोबर होतं. भिंगातून ती कड दाखवली. तिनं ती बराच वेळ पाहिली, मग नाणं फिरवून ओरखडेही पाहिले.

दादानं भिंग तिच्या हातातून ओढून घेतलं, वाकून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, "मंग त्या बाजूला बी कानस मारतो. दोन्हीकडून बराबर होऊन जाईल."

वहिनीनं नाणं उचलून माझ्या तळहातावर ठेवलं.

"तुमच्यापाशीच राहू द्या. ह्यांच्या हाती देऊ नका."

छेडछाड केलेलं नाणं मी माझ्या पेटीत कधी ठेवत नाही. हे ठेवलंय. दादाचा फोन आला की भाव चढला का, एवढंच विचारतो. ते नाणं वहिनीचं आहे, हे अजून त्याच्या डोक्यात शिरलेलं नाही.