अप्पांच्या गाडीची काच

माझ्या हातांबद्दल पहिली तक्रार केली ती पेठ वडगावच्या एका आजींनी. त्या उपाशीपोटी साखर तपासायला आल्या होत्या. मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला आणि शीर चाचपायला कोपराच्या खळगीत बोट टेकवलं, तसा त्यांनी हात झटकन मागं घेतला.

“अगं बाई, हात हाय का मढ्याचा? जरा चुलीम्होरं बसून ये की!”

बाकावरची सगळी उपाशी माणसं हसली. मीही हसले, पण ते मला लागलं, कारण आजी खरं बोलत होत्या. शीर डोळ्यांना दिसते त्यापेक्षा बोटाला जास्त कळते, आणि थंडीच्या दिवसांत माझी बोटं कोल्हापुरातून वडगावच्या लॅबमध्ये पोचेपर्यंत लाकडाची झालेली असायची. पहाटे पंचगंगेच्या पुलावर धुकं असं दाटतं की पुढच्या गाडीचा नुसता लाल ठिपका दिसतो. पूल ओलांडून हायवेला लागलं की वारा थेट छातीवर आणि मुठींवर. त्यात उसाच्या ट्रॉल्या, मागं ना दिवा ना काही. अशा वेळी ब्रेकवरची बोटं जागी हवीत. लोकरीचे हातमोजे दवानं भिजायचे. चामड्याचे घातले तर क्लच किती दाबलाय तेच कळायचं नाही.

एसटीनं का जात नाही, असं मला अजूनही लोक विचारतात. पहिली एसटी येते तोवर माझ्या बाकावरची माणसं भुकेनं कावलेली असतात, हे एक कारण. दुसरं कारण असं की माझ्याकडं मोटरसायकल आहे.

ती अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. दोन सायलेन्सरची, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायला लागणारी. किक आणि गिअर एकाच दांड्यावर. अप्पा मिरचीचे व्यापारी. आमचं मूळ गाव सीमेवरचं, त्यामुळं घरात निम्मं कानडी. आईला आम्ही अव्वा म्हणतो, धाकटा भाऊ मला अक्का म्हणतो. अप्पा या गाडीवरून संकेश्वर, गडहिंग्लजच्या बाजूला खेडोपाडी मिरची बघत हिंडायचे. म्हातारपणी त्यांना किक बसेना, तेव्हा भाऊ म्हणाला, “भंगारात घाला, न्हाईतर मी पेटवून देतो. अंगण तरी मोकळं हुईल.”  अप्पांनी चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “हिला तू बघ.”

मी बघितली. सायलेन्सरमधली काजळी मी खरवडली, कार्बोरेटर मी धुतला, न मिळणारे सुटे भाग मी जुन्या बाजारात उकिरडे फुंकत शोधले. त्या सगळ्या वर्षांत माझ्या भावानं तिच्या सीटवरची धूळसुद्धा पुसली नाही. अप्पा गेले, आणि मग जुन्या गाड्यांची फॅशन आली. एकसारखी जाकिटं घालून माणसं रविवारी घोळक्यानं हिंडायला लागली. भावाचं हायवेला हॉटेल आहे, तिथं हे घोळके नाश्त्याला थांबायला लागले. आणि एके दिवशी, कुणालाही न विचारता, माझी गाडी त्याच्या बोलण्यात ‘आपली गाडी’ झाली.

पण आधी काचेचं सांगते.

आजींच्या त्या बोलण्यानंतर मी ठरवलं की हँडलला वारा अडवणारी काच बसवायची. असते प्लॅस्टिकची, पण म्हणतात काचच. शाहूपुरीत गाड्यांच्या सामानाचं एक मोठं दुकान आहे, तिथं गेले. गाडी दारातच लावली, हेल्मेट काढून काउंटरवर ठेवलं आणि काय हवंय ते सांगितलं. दुकानदारानं ऐकून घेतलं आणि माझ्या शेजारी हॉर्न घ्यायला आलेल्या एका अनोळखी गृहस्थांना विचारलं, “पावणं, गाडी कितीचं मॉडेल हाय?”

ते बिचारे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, “गाडी माझी आहे. मला विचारा.”

“व्हय, तसं न्हवं वहिनी. काच बसवली की गाडी वाऱ्यात ओढती. तुमास्नी झेपायची न्हाई. त्यापरीस स्कूटी घ्या की एखादी, हलकी.” मग पुन्हा त्या गृहस्थांकडं वळून, “काय पावणं, बरोबर का न्हाई?”

मला दुकानदाराच्या डोक्यात तो हॉर्न घालावासा वाटला. कित्येक वर्षं हायवेवर कंटेनरच्या शेजारून गाडी काढणारी मी, आणि मला झेपेल की नाही हे ठरवणार कोण, तर मला पहिल्यांदा बघणारा एक माणूस, तेही जो मला ओळखतसुद्धा नव्हता अशा दुसऱ्या माणसाला विचारून. मी काउंटरवरच्या चार काचा एकेक करून उचलल्या, दारात जाऊन हँडलला लावून बघितल्या. सगळ्यात रुंद, मुठींच्या बाहेरपर्यंत येणारी निवडली आणि “ही द्या” एवढंच बोलले.

काच बसवायला मी गाडी दुकानात ठेवली नाही. रविवारी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आम्ही दोघांनी बसवली. नवऱ्यानं काच धरली, मी क्लॅम्प आवळले. काच बसवण्यात एवढं काही नसतं, पण जे असतं ते नीट करावं लागतं. क्लॅम्पच्या आत रबर घातलं, म्हणजे हँडलच्या दांड्याला ओरखडा जाऊ नये. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघितलं, की काच टाकीला लागत नाही ना, क्लचची केबल अडकत नाही ना. वरची कड मी मुद्दाम डोळ्यांच्या खाली ठेवली. धुक्यात काचेवर दव साठतं, तेव्हा तिच्यातून नाही, तिच्यावरून बघावं लागतं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून दोघे उतरले. एकानं काच आणखी वर घ्यायला सांगितली, दुसऱ्यानं काढूनच टाकायला. “जुन्या गाडीचं रूप गेलं,” म्हणाले. त्यांच्या गाड्या गॅरेजमध्ये धुतल्या जातात, त्यांना रूपाची काळजी असणारच.

सोमवारी पुलावर पोचले आणि माझा विश्वास बसेना. वारा होता, आवाज होता, पण अंगाला लागत नव्हता. कंटेनर शेजारून गेला की काच थरथरायची आणि हँडल जरा ओढायचं. एवढं मात्र दुकानदाराचं खरं होतं. लॅबमध्ये पोचून पहिल्याच माणसाची शीर पहिल्याच टोचणीत मिळाली.

हे सुख फार टिकलं नाही. जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा ठरला आणि भावाचा फोन आला. “अक्का, रविवारी आपली गाडी नेतो. अप्पांची आठवण म्हणून.” मी नाही म्हणाले. मग अव्वाचा फोन आला. अव्वा त्याच्याकडं राहते. “एक दिवस दिलीस तर झिजती का गाडी? बापाचं नाव निघंल चार माणसांत.” अप्पांचं नाव काढलं की मी गप्प होते, हे दोघांनाही माहीत आहे. चावी देताना मी त्याला स्पष्ट सांगितलं, “काचेला हात लावायचा नाही.”

“व्हय व्हय,” म्हणाला.

रविवारी संध्याकाळी हॉटेलातला एक माणूस गाडी लावून गेला. मी खाली येऊन बघते तर हँडल उघडं. क्लॅम्पसुद्धा नाहीत, आणि दांड्यावर पान्याचे ताजे ओरखडे. भावाला फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, बंद.

दुसऱ्या दिवशी पहाटे तशीच निघाले, कारण माणसं उपाशी बसतात ती माझ्या भावाच्या मेळाव्यासाठी थांबत नाहीत. त्या दिवशी नेमका वाराही असा होता की डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत गेलं. पोचल्यावर गरम पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसले, पण दारात एक तरुण आई तापानं फणफणलेल्या लहान मुलीला घेऊन उभी होती. डॉक्टरांना रिपोर्ट लगेच हवा होता. तापानं सुकलेल्या लेकरांच्या शिरा दोऱ्यासारख्या होतात. माझ्या बोटाला काही लागेना. मी टोचलं, रक्त आलं नाही. पोर किंचाळली. दुसऱ्या हाताला टोचलं, तेव्हा आलं. पहिल्या हातावर डोळ्यांदेखत निळा फुगवटा आला. ती आई मला एक शब्द बोलली नाही, नुसती मुलीच्या हातावर फुंकर घालत बसली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

काम संपल्यावर घरी न जाता मी तडक हॉटेलवर गेले. दुपारची गर्दी होती. भाऊ गल्ल्यावर.

“अक्का, आधी जेवून घे.”

“काच कुठाय?”

“असंल की मागं कुठंतरी. बस तर.”

मी बसले नाही. स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात गेले. तिथं उघड्यावर भाकरीची शेगडी होती आणि जाळाला वारा लागू नये म्हणून दोन विटांमध्ये माझी काच उभी केली होती. खालची कड वितळून पापडासारखी वेडीवाकडी झालेली, वरचा भाग धुरानं काळा. भाकरी थापणारी बाई मला बघून घाबरली. तिचा काही दोष नव्हता, तिला कुणीतरी आडोसा म्हणून दिलेली. मी काच उचलली आणि तशीच गल्ल्यावर आणून ठेवली.

“हे काय?”

“अगं, तसली काच लावून गाडी कशी दिसत होती माहीत हाय का? कुल्फीच्या गाड्यागत. सगळ्यांच्या गाड्या ओरिजिनल आल्या होत्या. अप्पांच्या गाडीची शोभा गेलती.”

“अप्पांची शोभा तू मला सांगतोस? दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड वेल्डिंग करून घेतलेले त्यांनी, मिरचीची पोती लावायला. आरशाला पिशव्या लोंबायच्या. थंडीत शर्टाच्या आत वर्तमानपत्र घालून जायचे. कसलं ओरिजिनल?”

जेवणारी माणसं वळून बघायला लागली. भाऊ आवाज खाली आणून म्हणाला, “नवी आणून देतो की. केवढ्याला असती?”

मी त्याला त्या लहान मुलीचं सांगितलं. दोनदा टोचावं लागलं, हात सुजला, सगळं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आता बरी हाय न्हवं पोरगी?” मी काही बोलायच्या आत मोबाइल काढून माझ्यासमोर धरला, जणू त्यानं माझा राग जाणार होता. फोटोत तो गाडीवर बसला होता, काळा चष्मा, नवं जाकीट. खाली लिहिलं होतं, ‘वडिलांची आठवण, जिवापाड जपलेली.’

जपलेली! कुणी? माझ्या नखांत अजून ग्रीस होतं.

मी कधी चारचौघांत ओरडत नाही, पण त्या दिवशी ओरडले. “गाडी माझी हाय. अप्पांनी मला दिली आणि मी जपली. तू पेटवून देणार हुतास. पुन्हा हिच्यावर बसायचं न्हाई आणि ‘आपली’ म्हणायचं न्हाई.” गल्ल्याच्या खणात त्यानं कधीतरी करून घेतलेली गाडीची दुसरी चावी असते, ती हात घालून काढून घेतली. वितळलेली काच मागच्या सीटला बांधली आणि निघाले. 

संध्याकाळी अव्वाचा फोन. मला वाटलं विचारेल, काय झालं. ती म्हणाली, “गिऱ्हाइकांसमोर भावाची अब्रू घालवतीस? ती गाडी त्याच्याकडंच ऱ्हाऊ दे. हॉटेलाच्या दारात लावली तर शोभंल तरी. तुला काय, तू स्कूटी घे.” काच कुणी मोडली हा प्रश्न त्या घरात कुणाला पडलाच नव्हता. प्रश्न पडला होता तो माझ्या आवाजाचा.

मी तशीच नवी काच आणली आणि बसवली. पान्याचे ओरखडे रबराखाली गेले. भावाशी बोलणं बंद झालं. तो माझ्याशी बोलत नव्हता की मी त्याच्याशी, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

संक्रांत होऊन गेल्यावर एका संध्याकाळी अव्वाचा फोन आला. कोल्हापुरात गल्लोगल्ली लॅब असताना तिला साखर तपासायची ती माझ्याच हातानं. भाऊ रात्री हॉटेल बंद करून उशिरा निजतो, तो पहाटे उठणार नव्हता. “येतीस का न्यायला?”

“गाडीवरून यावं लागेल,” मी म्हटलं.

“मग काय चालत येऊ?”

नवऱ्याचं हेल्मेट तिच्या डोक्यावर चढवलं, शाल छातीशी गुंडाळली. ती एका बाजूला पाय सोडून बसली आणि माझी कंबर अशी धरली की मला श्वास घेता येईना. पुलावर धुकं होतं. ती कानडीत काहीतरी पुटपुटत होती. हायवेला लागल्यावर तिची पकड हळूहळू सैल झाली. वडगावात उतरल्यावर हेल्मेट काढत म्हणाली, “यव्वा, वारा कुठं गेला गं?”

“काचेला धडकतो,” मी म्हटलं.

तिनं काचेकडं जरा वेळ बघितलं, पदराच्या टोकानं वरचं दव पुसलं. मला वाटलं आता काही बोलेल. बोललीही.

“त्याला सांगू नगंस हं, मी हिच्यावर बसून आले म्हणून. वाईट वाटंल त्याला.”

मी तिचं रक्त काढलं, तिला चहा-बिस्कीट दिलं, आल्या माणसांचं सगळं काम उरकलं. दुपारी बाहेर येऊन भावाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

“अव्वा सकाळी गाडीवरून आली होती. काच लावलेलीच होती.”

पलीकडं हॉटेलातल्या भांड्यांचा आवाज. मग तो म्हणाला, “गारठली न्हाई न्हवं?”

“नाही,” मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला.