भांडुपच्या बाळांची झबली

माझ्या धाकट्या जावेचं कुणी कौतुक केलं की माझ्या पोटात दुखायचं. आता या वयात खोटं कशाला बोलू? ती लग्न होऊन आमच्या अंधेरीच्या गावठाणात आली, त्याच्या कितीतरी आधीपासून चर्चमधल्या बायांचं मंडळ मी सांभाळत होते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, उपासाच्या दिवसांत, आम्ही घरोघर फिरून वस्तू जमवायचो, आणि त्या कुठे द्यायच्या ते मी ठरवायचे. दर वर्षी वृद्धाश्रम. चादरी, साबण, बिस्किटं. कुणी कधी हूं की चूं केलं नाही.

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. मीटिंगमध्ये ही बया उठली आणि म्हणाली, "या वेळी भांडुपच्या झोपडपट्टीतल्या दवाखान्याला देऊ या ना. तिथे नुकती जन्मलेली पोरं उघडी निजतात." झालं! बायांना एकदम उमाळा आला. जुन्या मऊ साड्या फाडून घराघरात झबली-दुपटी शिवणं सुरू. "तुझी जाऊ म्हणजे सोनं गं," हे मला रोज कुणीतरी ऐकवायचं. मी वरवर हसायचे. आत नुसता तिळपापड.

एकदा भाकऱ्या भाजताना तिनेच मला सहज सांगितलं, की त्या दवाखान्यातली डॉक्टरीण फार चांगली आहे, पाळणा लांबवायला बायांना तांबीसुद्धा बसवून देते. दुसऱ्या दिवशी चर्चमधली सकाळची मिस्सा संपली आणि मी सरळ फादरना जाऊन सांगितलं.

रविवारी फादरनी मंडळाला बोलावलं. जाऊ म्हणाली, "फादर, झबलं बाळाच्याच अंगात जाणार ना? त्यात तांबी कुठून आली?"

मी तयारच होते. "आपण कपडे दिले की त्यांचा तेवढा खर्च वाचणार. ते पैसे कशाला लागणार? तांबीलाच. चर्चच्या बायांनी असल्या कामाला हातभार लावायचा?"

मुद्दा चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणेन. पुण्याचं काम आणि चर्चने मना केलेलं काम एकाच दारात चालत असेल तर देणाऱ्याने काय करायचं, हा प्रश्न फादरनाही सोपा वाटला नाही. शेवटी ठरलं की मंडळाच्या नावाने नको, लोकांचा गैरसमज होईल. वस्तू वृद्धाश्रमालाच.

मी जिंकले. आणि बसल्या जागी माझा ब्लाउज घामाने चिंब झाला होता.

कारण माझ्या तिसऱ्या बाळंतपणानंतर मीच तांबी बसवून घेतली होती. नवऱ्यालाही पत्ता नव्हता. म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात माझ्यासोबत आली ती हीच जाऊ. माझं तान्हं मांडीवर घेऊन दोन तास बाहेर बाकावर बसली होती. म्हणून तर दवाखान्याची गोष्ट ती माझ्यापाशी इतक्या मोकळेपणी बोलली. रविवारी फादरसमोर तिने एक वाक्य उच्चारलं असतं तर माझी वाट लागली असती. तिने हातातला सुई-दोरा पिशवीत टाकला आणि मान खाली घालून बसली.

घरी आल्यावर मीच तिच्या अंगावर गेले. "का नाही सांगितलंस गं?"

"काय सांगायचं, वहिनी? ते तुमचं आहे." कुकरचं झाकण लावत ती म्हणाली. "मी शिवलेलं मी माझं नेऊन देईन."

शनिवारी ती एकटी भांडुपला निघाली. वाटेत एकेका दारातून बाया बाहेर आल्या आणि आपापली झबली तिच्या पिशवीत कोंबून गेल्या. पिशवी भरली तेव्हा कुणीतरी दुसरी आणून दिली. मी खिडकीतून बघत होते आणि माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

तांबीचं मी पुढे कन्फेशनमध्ये सांगून टाकलं. जावेशी जे वागले त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. तिने त्या दिवशी माझं बिंग फोडलं असतं तर मी तिला केव्हाच माफ केलं असतं. ती गप्प बसली, ते मात्र मला अजून सहन होत नाही.