ठमाबाईची नात

आई कामावर गेल्यावर देशातली लेकरं कोण सांभाळतं, हे दिल्लीला एकदा जाणून घ्यावंसं वाटलं. इंदापूर तालुक्यातल्या काही गावांपुरतं ते शोधून कळवायचं काम बारामतीच्या निकिताकडं आलं.

निकिता मूळची नरसिंहपूरची. वडिलांनी वांगी-दोडका विकून तिला समाजकार्याची पदवी घेऊ दिली. पुढं लग्न झालं, छकुली झाली आणि पदवी कपाटात जाऊन बसली. नवरा टेम्पोवर ड्रायव्हर, पहाटेच बाहेर पडायचा. सासू मंडईत भाजी विकायची. गल्लीतली अंगणवाडी तीन वर्षांखालचं मूल बसवून घ्यायला तयार नव्हती. त्यामुळं सर्वेक्षणाची नोकरी लागली, पेढे वाटून झाले, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की आता छकुलीला कोण सांभाळणार. प्रश्नावलीतला पहिला प्रश्नही जवळपास हाच होता.

प्रशिक्षण एका हॉटेलच्या थंडगार खोलीत झालं. बालसंगोपन म्हणजे काय, हे पर्यवेक्षक विजयसिंह सरांनी पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं. सर दोन मुलांचे बाप. चहाच्या वेळी कुणीतरी सहज विचारलं, मोठा कितवीत आहे, तर सरांनी बायकोला फोन लावला. शेवटी त्यांनी नियम सांगितले. त्यात एक होता, की मुलाखतीला स्वतःचं मूल न्यायचं नाही, त्यानं माहिती दूषित होते.

सुरुवातीला निकितानं नियम पाळला. सासू छकुलीला मंडईत घेऊन जायची. तिथं एक दिवस पोरीनं ढिगातली हिरवी मिरची चावली आणि सगळी मंडई डोक्यावर घेतली. दुसऱ्या दिवशी सासूनं हात जोडले. निकितानं छकुलीला स्कूटीवर पुढं उभं केलं आणि थेट कळंब गाठलं.

कळंबला सर्वेक्षणाच्या यादीत ठमाबाईचं घर होतं. यादी झाली तेव्हा तिथं लहान मूल होतं. ती ठमाबाईची नात, सुट्टीला आलेली; ती कधीच आईबापाबरोबर पुण्याला परत गेली होती. म्हातारी एकटीच ओट्यावर शेंगा फोडत होती. स्कूटीवर पेंगणारी पोर बघून ती म्हणाली, "उन्हातानात कुठं नाचवतीस तिला? ठेव हितं. ये जा तू तुजं इचारून."

त्या दिवसापासून छकुली ठमाबाईकडं राहायची आणि निकिता वस्त्या-वस्त्या फिरून बायकांना विचारायची, "तुमच्या मुलाला विश्वासू माणसाकडं ठेवण्याची सोय आहे का?" कुणी डाळिंबाच्या झाडाला बांधलेली झोळी दाखवायची, कुणी सात वर्षांची थोरली. टॅबमध्ये झोळीला पर्याय नव्हता. विजयसिंह सरांनी फोनवर सांगितलं, "घरगुती व्यवस्था असं टाका."

मग न सांगता दिल्लीच्या मॅडम तपासणीला आल्या आणि सर त्यांना घेऊन नेमके ठमाबाईच्या दारात उतरले. गावात शिरलेली गाडी पाहून निकिता धापा टाकत पोचली तेव्हा म्हातारी छकुलीला दूध-भाकरी भरवत होती.

"ही कोण?" सरांनी विचारलं.

ठमाबाईनं निकिताचा पांढराफटक चेहरा पाहिला. "नात हाय माजी," ती म्हणाली.

मॅडम हिंदीत विचारत होत्या, सर मराठीत आणत होते. मुलीची आई कुठं आहे?

"कामाला गेलीया."

कसलं काम?

"घरोघर फिरती. पोरं कोण संबाळतं त्ये इचारती."

"सामाजिक क्षेत्रात आहे," सरांनी हिंदीत सांगितलं. मॅडम खूश झाल्या. गावात पाळणाघर हवं असं वाटतं का?

"हवंच की. मी काय जलमभर पुरनार हाय व्हय?"

"आजी म्हणतात, त्या समर्थ आहेत," सर म्हणाले.

मॅडमचे डोळे पाणावले. त्यांनी छकुलीचा फोटो काढला.

अहवाल छापून आला तेव्हा मुखपृष्ठावर तोंडाला दूध लागलेली छकुली होती. आत निष्कर्ष होता: या भागात आजीची परंपरा भक्कम आहे, पाळणाघरांची घाई नाही.

प्रकाशनाचा समारंभ बारामतीत ठेवला. सर्वेक्षकांचा सत्कार होणार होता. ठमाबाई नेमकी पुण्याला लेकाकडं गेलेली, म्हणून निकिता छकुलीला कडेवर घेऊन गेली. दारावरच्या रखवालदारानं अडवलं. "ल्हान पोरं आत न्हाय, ताई. सायबांचा हुकूम हाय." त्याच्या मागं पुरुषभर उंचीचा फलक होता, त्यावर छकुली. निकितानं बोट दाखवलं. त्यानं फलक पाहिला, पोर पाहिली. "मग सोडाया पायजे," तो म्हणाला. "परमुख पाव्हनी दिसती."

व्यासपीठावर मॅडमनी पोरीला लगेच ओळखलं. ही ठमाबाईंची नात ना, असं त्यांनी कौतुकानं विचारलं. विजयसिंह सरांनी मान हलवून टाकलीही. पण निकितानं माइक घेतला. "ही माझी मुलगी आहे. सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून ठमाबाईंकडं ठेवायची. अहवालातली कामाला गेलेली आई मीच."

मॅडमनी सरांकडं पाहिलं. सर हिंदीत म्हणाले, "त्या म्हणतात, ही मला माझ्या मुलीसारखीच आहे."

पुढच्या रांगेतल्या दिल्लीच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. निकितानं टाळ्या थांबू दिल्या आणि तेच आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत पुन्हा सांगितलं. मॅडमचं हसू जागच्या जागी राहिलं. यावर नंतर सविस्तर बोलू, असं म्हणून त्यांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

नंतर काही कुणी बोललं नाही. अहवाल होता तसाच राहिला. निकिताला मात्र नियमभंगाबद्दल पुढच्या फेरीतून वगळलं. त्या फेरीला म्हणे अविवाहित मुलगेच घेतले, माहिती शुद्ध यावी म्हणून. तिनं कळंबजवळच्या एका दूध संकलन केंद्रात काम धरलं. छकुली आता राजरोस ठमाबाईकडं असते.

ठमाबाई पुण्याहून आल्यावर निकितानं तिला समारंभाची सगळी हकीकत सांगितली. म्हातारीनं ती शेंगा फोडत शांतपणे ऐकून घेतली.

"त्या मॅडमला पोरं हायती का गं?" तिनं विचारलं. "मग ती इकडं आली तवा कुणापाशी ठिवली हुती?"

इतक्या महिन्यांत हे विचारायचं निकिताला सुचलंच नव्हतं.