लंगोटाखालचं दुखणं

सत्यशीला म्हणजे तिखटजाळ बाई. ऊसतोडीच्या फडात वाढलेली, मुकादमालाही तोंडावर बोलणारी. जामखेडच्या पलीकडच्या गावात बिभीषण पैलवानाशी तिचं लग्न झालं, तेव्हा सासू म्हणाली होती, "सुनंचं तोंड आन् पोराचे दंड, दोन्ही घरात मावायचे न्हाईत."

यंदा जत्रेत बिभीषण शेवटच्या कुस्तीपर्यंत पोचला. चांदीची गदा हातातोंडाशी आलेली. हलगी अशी कडाडत होती की शाळेच्या गच्चीवर बायकांत बसलेल्या सत्यशीलाच्या अंगावर काटाच आला.

पण आधीच्या कुस्तीत समोरच्याचा गुडघा बिभीषणच्या जांघेत बसला होता. गडी कळवळला, तरी उठला, जिंकला आणि बाजूला जाऊन त्याने लंगोट आणखी आवळला. तालमीतली रीतच ती. तिथलं दुखणं बोलायचं नाही, लंगोट आवळून गप बसायचं. थोड्या वेळाने सत्यशीलाला दिसलं, नवरा पाण्याच्या टँकरआड वाकून ओकतोय. मार खाली आणि उलटी होतेय, हे साधं नव्हे. ती धाडधाड जिना उतरली, तोवर बिभीषण शेवटच्या कुस्तीला आखाड्यात उभा होता.

आखाड्यात बाईने पाय ठेवायचा नाही, हा गावाचा दंडक. ही पदर खोचून थेट लाल मातीत. हलगी बंद पडली. तालमीचे वस्ताद भागवत आडवे आले.

"सूनबाई, कोमट तेल चोळलं की जाईल. गावाच्या अब्रूचा प्रश्न हाय."

"अब्रू गावाची, अंग माझ्या नवऱ्याचं," ती म्हणाली आणि बिभीषणकडे वळली. "खरं सांगा, कमी हुतंय का वाढतंय?"

पहाडासारखा गडी खाली मान घालून पुटपुटला, "वाढतंय. एका बाजूला सुजलंय. कळ पोटात चढतीय."

मग तिने कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. शेजारच्या छगनच्या जीपमध्ये नवऱ्याला घातलं आणि जामखेड गाठलं. वस्ताद मागोमाग मोटरसायकलवर.

डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी केली. "गोटीला, म्हणजे वृषणाला, पीळ बसलाय. रक्त पोचत नाहीये. आत्ताच ऑपरेशन. तेल चोळत उद्यापर्यंत थांबला असतात, तर गोटी काढून टाकावी लागली असती."

वस्तादांचा चेहरा उतरला. आत जाता जाता डॉक्टर त्यांना म्हणाले, "तालमीत सगळ्यांना सांगा. तिथं मार लागला आणि कळ तासाभरात उतरली, तर विश्रांती घ्या, कपड्यात गुंडाळून बर्फ लावा. पण कळ उतरेना, सूज आली, उलटी झाली, लघवीत रक्त दिसलं, तर लाजत बसू नका, लगेच दवाखाना गाठा."

दार बंद झालं. फडात पायावर कोयता पडला तेव्हाही न रडलेली सत्यशीला भिंतीला टेकून देवाचं नाव घेत राहिली. अखेर डॉक्टर हसत बाहेर आले. "वाचली. वेळेत आणलंत." तेव्हा मात्र ती ढसाढसा रडली, आणि तिच्यापेक्षा जास्त वस्ताद रडले.

बिभीषणने डोळे उघडले ते आखाड्याच्याच नादात.

"शेवटची कुस्ती कुनी मारली?"

सत्यशीलाने पदराने त्याचं कपाळ पुसलं. "म्या," ती म्हणाली.