डस्टर तर समोरच आहे

पिपलानीच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातल्या पहिल्या दहा वर्षांतली मी आज मला रस्त्यात भेटले, तर गुपचूप पलीकडच्या बाजूनं निघून जाईन. कडक इस्त्रीची कॉटनची साडी, पर्समध्ये तीन लाल पेनं आणि चेहऱ्यावर असा भाव, की ही बाई एक दिवस रजेवर गेली तर संध्याकाळपर्यंत भोपाळमधलं इंग्रजी बंद पडेल.

प्रेपोझिशन्स हा त्या बाईंचा खास धडा. लाकडी डस्टर टेबलावर ठेवायचा आणि विचारायचं, "व्हेअर इज द डस्टर?" चाळीस मुली एका सुरात ओरडायच्या, "द डस्टर इज ऑन द टेबल, मॅडम!" मग डस्टर टेबलाखाली, मग खुर्चीमागे. अर्धं वाक्य चालायचं नाही, पूर्ण पाहिजे. एकदा तिसऱ्या बाकावरची एक बारीकशी मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, डस्टर तो सामने ही है। आपको दिखता नहीं क्या?"

वर्ग खो-खो हसला. मी तिला घंटा होईपर्यंत व्हरांड्यात उभं केलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं, "मुलांमध्ये आदर म्हणून उरला नाही बघा." हे म्हणाले, "पण बरोबरच विचारलं की तिनं." त्या रात्री ह्यांच्या ताटात नेमकी करपलेली पोळी गेली. चुकूनच गेली, असं मी आजही सांगते.

आता मी अडुसष्ट वर्षांची आहे. आम्ही बिट्टन मार्केटच्या मागच्या गल्लीत राहतो. मुलगा इस्राएलमध्ये नोकरी करतो, सून तिथलीच, आणि पाच वर्षांची नात पक्की हिब्रू बोलणारी. तिला मराठी शब्द चार येतात: आजी, आजोबा, लाडू आणि नको. रविवारी व्हिडिओ कॉलवर माझं वाक्य आधी मुलाकडे जायचं, मग तिच्याकडे, आणि तिचं उत्तर त्याच रस्त्यानं माझ्याकडे. सरकारी फाइल बरी. उत्तर पोचेपर्यंत नात सोफ्यावरून उतरून पसार झालेली असायची.

दिवाळीला तिघं तीन आठवडे येणार असं ठरलं. एवढी नात घरात असणार आणि मी तिच्याकडे बघून नुसती हसत बसणार? मुलाला मध्ये न घेता तिच्याशी बोलता आलं पाहिजे, एवढंच मला हवं होतं.

हे बिचारे एम. पी. नगरला जाऊन चौकशी करून आले. "बँक, पीएससी, रेल्वे, सगळ्याचं कोचिंग आहे. हिब्रू म्हटल्यावर तो पोरगा म्हणाला, अंकल, इसकी भरती कब निकली?"

मग मुलानं पाठवलेल्या कागदांवर आणि मोबाइलवर मी घरीच सुरू केलं. वस्तूंची नावं पटापट पाठ झाली. अडलं ते नेमकं माझ्या खास धड्यात. आपल्याला जन्माची सवय, आधी टेबल, मग त्याच्या पाठीला चिकटलेलं 'खाली'. तिकडे 'मिताखात', म्हणजे खाली, हे आधी म्हणायचं आणि टेबल नंतर. इंग्रजीतही असंच असतं, हे मी एकतीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलं. पण दुसऱ्यांना सांगायला काय जातं? मी स्टीलचा लाडवांचा डबा घेऊन घरभर फिरायला लागले. फ्रिजवर डबा ठेवून 'अल', पलंगाखाली सरकवून 'मिताखात', कपाटात घालून 'बेतोख'. हे म्हणाले, "मॅडम, शाळा सुटली ना तुमची? मला एक लाडू मिळेल का?"

महिन्याभरानं कॉलवर मी तयारीनिशी बसले. डबा टेबलावर ठेवला आणि थेट हिब्रूत विचारलं, "डबा कुठे आहे?" नातीनं डोळे मोठे केले आणि उत्तर दिलं. मला सगळं समजलं! मी डबा खाली ठेवला आणि पुन्हा विचारलं. मग खुर्चीमागे. मग, हे सांगताना आज मेल्याहून मेल्यासारखं होतं, तिनं नुसतं "खाली" म्हटलं तर मी बोट वर करून पूर्ण वाक्य म्हणायला लावलं.

पुढच्या रविवारी ती फोनवर आलीच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी मी मुलाला खोदून खोदून विचारलं.

"अगं, लहान आहे ती. खेळात असते."

"खरं सांग."

तो जरा घुटमळला. "ती म्हणते, आजीला डबा समोर दिसतोय, मग ती मला का विचारते?"

मी इतकी हसले की ह्यांनी पाणी आणून दिलं. ती बारीकशी मुलगी इतक्या वर्षांनी व्हरांड्यातून वर्गात आली होती, आणि या वेळी बाहेर उभी होते मी.

"अहो," मी ह्यांना म्हटलं, "तो डबा लपवा. खरंच लपवा. मला सांगू नका."

पुढच्या कॉलला मुलाकडून एवढाच निरोप दिला, की आजोबांनी आजीचे लाडू लपवलेत आणि आजीला सापडत नाहीयेत. नात धावत आली. तिला तिथून काय दिसणार? पण हुकूम सोडायला लागली. पलंगाखाली बघ! दाराच्या मागे! मी एका हातात मोबाइल, दुसरा गुडघ्यावर, अशी घरभर वाकत फिरले. हुकूम समजला नाही की भलतीकडे जायचे. मग ती किंचाळून शिकवायची आणि मी म्हटल्याशिवाय पुढे सरकू द्यायची नाही. डबा निघाला वॉशिंग मशीनमध्ये. लपवण्यातलं ह्यांचं कसब संसारात इतकी वर्षं वाया गेलं म्हणायचं. दर रविवारी आमच्या घरात काहीतरी हरवू लागलं, आणि जी अव्ययं कागदावरून डोक्यात शिरत नव्हती ती गुडघ्यांतून शिरली.

दिवाळीला ती आली आणि आईच्या कमरेला चिकटून बसली. मोबाइलमधली आजी वेगळी आणि ही पुढ्यातली, साडीला फोडणीचा वास येणारी वेगळी. दोन दिवस माझ्याकडे बघेना. तिसऱ्या दिवशी मुलगा-सून भाजी आणायला निघाली. मुलगा हळूच म्हणाला, "राहील का गं ती तुझ्यापाशी? का नेऊ बरोबर?"

मी तडक आतल्या खोलीत गेले आणि पडद्यामागे उभी राहिले.

थोड्या वेळानं ह्यांचा आवाज, अगदी नाटकी, "अरे, आजी कुठे गेली?" मग छोटी पावलं. मग हिब्रूत, हळूच, "आजी पलंगाखाली?"

"लो," मी पडद्यामागून म्हटलं. म्हणजे नाही.

पावलं थांबली. "कपाटात?"

"लो."

"दाराच्या मागे?" आता आवाजात हसू होतं.

"लो!"

पडदा बाजूला झाला. मला वाटलं, आता ओरडत बाहेर पळेल. ती आत शिरली, माझ्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि ओठांवर बोट ठेवलं. लपणं अजून संपलेलं नव्हतं तर.

मुलगा दाराशी आला. पडद्याखालून आमची चार पावलं त्याला दिसत असणारच. मराठीतच म्हणाला, "येतेस का बाजारात?"

पडद्यामागून उत्तर आलं, "नको."

आता मध्ये त्याची गरज नव्हती. मीही म्हटलं, "जा रे तुम्ही. आम्ही इथे नाहीयोत."